काचेच्या टाकीतले आगंतुक : प्रस्तावना

नवी टाकी लावली, पाणी स्थिरावले, की काही आठवड्यांत मासे पाळणाऱ्याच्या घरी हमखास एक प्रश्न येतो: हे कुठून आले? काचेवर तिळाएवढी गोगलगाय चढत असते, रेतीतून दोऱ्यासारखा जंत डोकावतो, पाण्यात पांढरे ठिपके झटके देत पोहतात. विकत आणले होते ते फक्त गप्पी आणि पाणवनस्पतींच्या दोन जुड्या. उत्तर बहुधा त्या जुड्यांतच असते. पानांच्या पाठीला गोगलगायीच्या अंड्यांची पारदर्शक चिकट लादी, टाचणी या चतुरासारख्या कीटकाने देठात खुपसलेली अंडी, मुळांतल्या गाळात सायक्लॉप्स, म्हणजे तेच झटके देणारे पांढरे ठिपके. लांब निमुळत्या शंखाची मेलानॉइडीज गोगलगाय तर एकच पुरते. तिची मादी नराविना थेट पिल्लांना जन्म देते. दिवसा ती रेतीत दडते, म्हणून वाढलेली संख्या रात्री दिवा लावल्यावर कळते आणि धक्का बसतो.

अशा आगंतुकांकडे नीट पाहणाऱ्यांमुळे जीवशास्त्र पुढे गेले आहे. अब्राहम ट्रेंबले हा हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचा शिक्षक. 1740 मध्ये डबक्यातल्या वनस्पती ठेवलेल्या त्याच्या बरण्यांत बोटांसारखे तंतू हलवणारे हिरवे जीव दिसले. वनस्पती की प्राणी, हे ठरेना म्हणून त्याने एक जीव आडवा कापला. दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले. तो हायड्रा. पुनर्जननाच्या प्रायोगिक अभ्यासाची सुरुवात तिथे मानतात, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर काम झाले आहे. 1880 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या कमळांच्या टाकीत गोड्या पाण्यातली जेलीफिश उगवली. तिचे मूळ चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातले, पण शास्त्राला तिची ओळख झाली ती परक्या टाकीत. ज्यांच्या नावाने पुण्याची संस्था आहे त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी पुढे सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली वेगळी जेलीफिश शोधली. आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हे विशेष.

सायक्लॉप्सची गोष्ट मात्र आपल्या विहिरींची आहे. नारू या रोगाच्या जंताची अळी याच्याच पोटात वाढे आणि पायविहिरीच्या पाण्यातून माणसात शिरे. पाणी फडक्याने गाळून पिणे हा साधा उपाय गावोगाव शिकवला गेला. 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला, सायक्लॉप्स राहिला. टाकीत तो माशांच्या पिल्लांचे उत्तम खाद्य आहे.

सगळेच आगंतुक निरुपद्रवी, असे हे पुस्तक म्हणत नाही. शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असलेली टाचणीची अळी पिल्ले आणि कोळंबी फस्त करते. ती दिसताच काढावी. हायड्राही नुकतीच जन्मलेली पिल्ले पकडतो. पण गोगलगायी फार झाल्या तर दोष बहुतेक वेळा आपल्या हाताचा असतो: खाणे जास्त पडते आहे. दुकानातून तांब्याचे औषध आणून ओतणे हा माझ्या मते सर्वांत वाईट उपाय. गोगलगायींबरोबर कोळंबीही मरते, आणि सडलेल्या गोगलगायींमुळे पाण्यात अमोनिया चढतो, तो माशांना भोवतो.

या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढरी बशी, ड्रॉपर आणि तारीखवार नोंदवही एवढे बस्स. जीव दिसला की आधी चालण्याची पद्धत पाहा, मग तोंड, मग नाव शोधा. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लावली आहेत.

एक विनंती वाचकाने पहिल्या दिवसापासून पाळावी. 2021 मध्ये अमेरिकेत टाक्यांसाठी विकल्या गेलेल्या शेवाळाच्या गोळ्यांत नदी-तळ्यांत झपाट्याने पसरणारे परके झेब्रा शिंपले सापडले, आणि ते गोळे उकळून किंवा गोठवून नष्ट करा असे सरकारला सांगावे लागले. म्हणून टाकीतले पाणी, रेती, छाटलेल्या वनस्पती ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नका. पाणी कुंड्यांना घाला. वनस्पती कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच फेका.