पाच माणसांचा दवाखाना आणि अमेरिकेचा आरोग्य विमा

थ्रेड. अमेरिकेतील दंतवैद्याच्या लहानशा स्वतंत्र दवाखान्यात दिवसाचा बराच वेळ विम्यातच जातो. स्वागतकक्षातील कर्मचारी सकाळपासून रुग्णांच्या विमा कंपन्यांशी बोलत असते. कोणत्या उपचाराला किती रक्कम मंजूर होईल, याची विचारणा करत असते. ती स्वतः रुग्णालयात दाखल झाली तर तिचे बिल कोण भरणार, याचे उत्तर मात्र त्या दवाखान्यात असेलच असे नाही. एक डॉक्टर, एक हायजिनिस्ट, दोन मदतनीस आणि स्वागतकक्षातील ही एक व्यक्ती. एवढ्या लहान आस्थापनेवर कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा काढण्याची सक्ती संघीय कायद्याने कधीच केलेली नाही. आणि तरीही विमा नोकरीतूनच मिळावा, अशी त्या देशाची घडण आहे. ही विसंगती कशी निर्माण झाली?

आरंभ १९२९ सालच्या डॅलस शहरात होतो. बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाची बिले थकली होती. विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागांचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक होते. थकबाकीदारांच्या यादीत त्यांना ओळखीच्या शिक्षिकांची नावे दिसली. त्यांनी योजना आखली: दर शिक्षकाने दरमहा ५० सेंट भरावेत, त्या बदल्यात वर्षाला २१ दिवसांपर्यंतची रुग्णालयीन सेवा मिळावी. सुमारे साडेबाराशे शिक्षक त्यात सामील झाले. ‘ब्लू क्रॉस’ या नावाने पुढे देशभर पसरलेल्या योजनांचे मूळ ते हेच.

किंबल यांची एक अट फार महत्त्वाची होती. किमान ७५ टक्के शिक्षक सामील झाले तरच योजना सुरू होणार होती. केवळ आजारी माणसेच विमा घेऊ लागली तर हप्त्यांतून खर्च भागत नाही, हे त्यामागचे गणित. शाळेत माणसे शिकवण्यासाठी एकत्र आलेली असतात, आजारपणासाठी नव्हे. म्हणून त्यांच्यात निरोगी आणि रोगी यांचे प्रमाण साधारण समाजासारखेच असते. नोकरी हा विम्याचा आधार झाला तो या कारणाने. पण हे गणित हजार माणसांत जमते, पाच माणसांत जमत नाही. पाचांपैकी एकाला कर्करोग झाला की त्या गटातील वीस टक्के माणसे गंभीर आजारी ठरतात. लहान दवाखान्याची पुढची सगळी अडचण या एका अपूर्णांकात सामावलेली आहे.

१९४० साली अमेरिकेत रुग्णालयीन खर्चाचा विमा दर दहा माणसांत जेमतेम एकाकडे होता. १९५० पर्यंत निम्म्या लोकांकडे तो आला. या झेपेमागे आरोग्यविषयक धोरण फारसे नव्हते. होते ते युद्धकाळातील महागाईचे भय. ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने पगारवाढीवर निर्बंध आले, मात्र वाजवी प्रमाणातील विमा आणि निवृत्तिवेतन हे पगारात धरले गेले नाही. कामगारांची टंचाई, पगार वाढवता येत नाही. मग कारखानदारांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या दृष्टीने स्पष्टपणे करमुक्त ठरवला. युद्धकाळापुरती काढलेली पळवाट अशा रीतीने कायमची झाली.

दुसरा मार्ग उपलब्ध होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसपुढे राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला. त्यात दंतोपचारांचाही समावेश होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून त्याविरुद्ध रान उठवले आणि १९४९ या एकाच वर्षात प्रचारावर सुमारे १५ लाख डॉलर खर्च केले. दंतवैद्यांची संघटनाही राष्ट्रीय विम्याच्या विरोधातच होती. व्यवसायाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी लढलेल्या त्या पिढीच्या वारसांना आज आपल्या मदतनिसांसाठी विमा शोधत फिरावे लागते, हा इतिहासाचा खास विनोद म्हणायचा.

(याच सुमारास हिंदुस्थानात प्रा. बी. पी. आडारकर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल लिहीत होते. १९४४ च्या त्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्यात मालक आणि कामगार दोघांचीही वर्गणी सक्तीची होती. पण यंत्रशक्ती वापरणाऱ्या आणि वीस वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरतीच. लहान आस्थापना तिथेही उंबरठ्याबाहेरच राहिली.)

दातांचा विमा शरीराच्या विम्याहून वेगळा का, हेही इथेच सांगायला हवे. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे दंतशस्त्रक्रियेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले आणि दंतवैद्यक सामान्य वैद्यकापासून वेगळ्या वाटेने गेले. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने सदस्यांच्या मुलांसाठी दंतविमा मिळवला. आजच्या ‘डेल्टा डेंटल’ची मुळे त्यात आहेत. १९६५ च्या मेडिकेअरने नेहमीचे दंतोपचार वगळले. परिणामी दवाखान्यात हाताळला जाणारा विमा एका जगातला आणि कर्मचाऱ्यांना हवा असलेला विमा दुसऱ्या जगातला.

१९७४ च्या ‘एरिसा’ कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी विमा कंपनीकडून पॉलिसी न घेता स्वतःच्या निधीतून खर्च भागवण्याचा मार्ग धरला, आणि त्या राज्यांच्या विमा नियमांतून सुटल्या. लहान मालक मात्र बाजारातली पॉलिसीच घेत राहिला. अपवाद हवाईचा. त्याच वर्षीच्या तेथील कायद्यानुसार आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला विमा द्यावाच लागतो, मग दवाखान्यात एकच कर्मचारी का असेना. दुसऱ्या कोणत्याही राज्याला ‘एरिसा’तून अशी सूट मिळाली नाही.

इतरत्र दवाखान्याचा हप्ता कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीवर ठरे. एखाद्या मदतनिसाला मोठा आजार झाला की पुढील नूतनीकरणाला सर्वांचाच हप्ता चढे. अशा वेळी डॉक्टरला आपल्या माणसाच्या आजाराचे दुःख आणि हप्त्याची चिंता एकाच पत्रातून कळे. आणि त्या मदतनिसाला आपल्यामुळे सहकाऱ्यांच्या पगाराला कात्री लागणार हेही. १९९६ च्या कायद्याने २ ते ५० माणसांच्या गटाला पॉलिसी नाकारता येणार नाही असे ठरले, पण तिची किंमत किती असावी यावर संघीय बंधन आले नाही. दवाखान्याच्या मालकालाही करव्यवस्थेने फार सांभाळले नाही: स्वयंरोजगार करणाऱ्याला स्वतःच्या विम्याची पूर्ण वजावट २००३ पासूनच मिळू लागली.

२०१० च्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ने सक्तीची रेषा पूर्णवेळ ५० कर्मचाऱ्यांवर आखली. २०१४ पासून लहान गटाचा हप्ता प्रकृतीवरून ठरवण्यास मनाई झाली, हा खरा दिलासा. पंचविसांहून कमी कर्मचारी आणि माफक सरासरी पगार असलेल्या मालकांना करसवलतही देण्यात आली, पण तिचे गणित इतके किचकट होते की पहिल्या वर्षी, २०१० साली, देशभरात सुमारे १ लाख ७० हजार मालकांनीच ती घेतली. पात्र मालकांचा अंदाज किमान १४ लाखांचा होता.

याहून विचित्र प्रकार पुढे घडला. कर्मचाऱ्याने स्वतः पॉलिसी घ्यावी आणि हप्त्याचे पैसे डॉक्टरने परत द्यावेत, ही लहान दवाखान्यांची जुनी, भाबडी पद्धत होती. २०१३ च्या करखात्याच्या सूचनेने ती नियमबाह्य ठरवली. दंड दर कर्मचाऱ्यामागे दिवसाला १०० डॉलर. विमा न दिल्यास दंड शून्य, आणि चुकीच्या मार्गाने दिल्यास वर्षाला ३६,५०० डॉलर! डिसेंबर २०१६ मध्ये काँग्रेसने पन्नासांहून कमी कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी ही वाट ठरावीक मर्यादेत पुन्हा उघडली, आणि २०२० पासून आणखी एक, अधिक मोकळी वाट उपलब्ध झाली. मालक ठरावीक करमुक्त रक्कम देतो, पॉलिसी कर्मचारी निवडतो.

२०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता एका व्यक्तीसाठी ८,९५१ डॉलर आणि कुटुंबासाठी २५,५७२ डॉलर होता. आठवड्यातले दोन दिवस एका दवाखान्यात आणि दोन दिवस दुसऱ्या दवाखान्यात काम करणारी हायजिनिस्ट या हिशेबात अनेकदा दोन्हीकडे अर्धवेळच धरली जाते.