प्रभूच्या पंगतीतला प्रपंच

तंजावरला मराठी माणूस जातो तो बृहदीश्वराच्या देवळात कोरलेला भोसल्यांचा इतिहास वाचायला, नाहीतर सरस्वती महाल पाहायला. मीही त्यासाठीच गेलो होतो. शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये शिरलो तो मी ख्रिस्ती म्हणून, आणि खरं सांगायचं तर बाहेर ऊन मी म्हणत होतं म्हणून. आत पांढऱ्या संगमरवराचं एक शिल्प आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समनचं. मरणशय्येवर म्हातारा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे भोसले. श्वार्ट्झ १७९८ मध्ये गेला. राजांनी गुरूची आठवण म्हणून हे शिल्प करवून घेतलं. स्वतः मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

शिल्पासमोर उभं असताना माझ्या डोक्यात घोळत होता तो वेगळाच प्रश्न. या गावच्या मंडळीत प्रभुभोजनाचा पेला आधी कोणाच्या ओठांना लागायचा?

प्रभुभोजन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. धरला जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून वाटली, द्राक्षरसाचा पेला फिरवला, आणि माझ्या आठवणीसाठी हे करत जा असं सांगितलं. ते आजतागायत चालू आहे. त्या भाकरीत ख्रिस्त नेमका कसा हजर असतो यावर ल्यूथर आणि झ्विंगली १५२९ मध्ये मारबुर्गला समोरासमोर बसून भांडले आणि जमलं नाही म्हणून उठून गेले. युरोपच्या इतिहासात तो वाद फार मोठा. मला मात्र त्याहून जुनं भांडण जवळचं वाटतं, ते करिंथचं. इसवी सनाच्या पन्नाशीत पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहून झाडलं. तिथले सुखवस्तू लोक आधी येऊन आपापलं खाऊन-पिऊन घेत, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत. पौलाच्या मते ते प्रभूचं भोजन उरतच नव्हतं. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे: पंक्तिप्रपंच. मराठीत या विधीला ‘भोजन’ म्हटलं गेलं, त्यामुळे पंगतीचा प्रश्न नावातच येऊन बसला.

तंजावरात श्वार्ट्झच्या काळापासून वेल्लाळर वगैरे ‘शूद्र’ म्हणवणारे ख्रिस्ती एका बाजूला बसत आणि परैयर दुसऱ्या बाजूला. प्रभुभोजनाला आधी ते, मग हे. श्वार्ट्झला हे आवडत नसावं, पण त्याने ते चालू दिलं. हळूहळू विरघळेल अशी जुन्या जर्मन मिशनऱ्यांची आशा होती. ते विरघळलं नाही. कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने जुलै १८३३ मध्ये दक्षिणेतल्या मिशनरींना पत्र पाठवलं, त्यात या मंडळ्यांची कुंडलीच मांडली आहे. चर्चमध्ये वेगळं बसणं, मेजाकडे वेगळ्या वेळी येणं, खालच्या मानलेल्या जातींची पाळी येण्याआधी पेला बदलून घेणं, पुरायच्या जागाही वेगळ्या. हे सगळं ताबडतोब आणि कायमचं बंद, असा त्याचा हुकूम होता.

परिणाम? मद्रासच्या वेपेरीत पत्र वाचून दाखवल्यावर शूद्र ख्रिस्ती चर्च सोडून गेले. तंजावरातही पुष्कळ जण बाहेर पडले. १८३५ च्या सुरुवातीला बिशप स्वतः तिथे आला. काही परतले, काही नाही.

इथे एका माणसाबद्दल सांगायला हवं. वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) हा श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेला तमिळ ख्रिस्ती कवी, सरफोजीराजांचा स्नेही. नव्या मिशनऱ्यांशी त्याने कडाडून भांडण मांडलं. त्यांनी तमिळ बायबलचं भाषांतर बदललं, लग्नामयतातली फुलं बंद केली, उपासनेतली तमिळ पदं काढून टाकली आणि जाती जबरदस्तीने एकत्र बसवल्या, अशी त्याची तक्रार. यातल्या पहिल्या तिन्हींत मी शास्त्रीबुवांच्या बाजूने आहे. आपली पदं, आपली फुलं काढून घेणारा परका साहेब कोणाला आवडेल? पण त्याच यादीत, त्याच सुरात चौथी गोष्ट येते, आणि मी अडखळतो. फुलं आणि विटाळ एकाच गाठोड्यात बांधले की ‘आमची संस्कृती’ म्हणून दोन्ही सोबत वाचवायला लागतात. त्या सगळ्या कागदपत्रांत परैयर ख्रिस्त्यांनी स्वतः काय म्हटलं, ते जवळजवळ कुठेच येत नाही. बिशप बोलतो, शास्त्री बोलतो. मागच्या बाजूला बसलेला मुकाट बसलेला दिसतो.

इकडे मुंबईत १८४९ मध्ये हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांची परमहंस मंडळी गुप्तपणे जमायची. जात मोडल्याची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती भटारखान्यातल्या पावाचा तुकडा खावा लागे. हा धर्माचा विधी नव्हे, पण घास तसाच, आणि भीतीही तशीच. पुढे १८६० च्या सुमारास नावं बाहेर फुटताच मंडळी पांगली. तिच्यातला एक तरुण, बाबा पदमनजी, तोवर १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसला होता. दारं लावून खाल्लेला तुकडा आणि सगळ्यांदेखत घेतलेली भाकर यांतलं अंतर त्याच्याइतकं कोणाला कळलं असेल!

हे सगळं मी तंजावरात आठवत होतो त्याला कारण माझी आजी. आमचं घराणं नगरकडचं, तिच्या आजोबांच्या पिढीत महारवाड्यातून मिशनमध्ये आलेलं. आमच्या गावच्या चर्चमध्ये एकच चांदीचा पेला होता. पाळक प्रत्येकाच्या ओठानंतर पांढऱ्या रुमालाने कड पुसून पुढे करायचे. कोणी कोणाला मागे बसवत नव्हतं. पण आजी नेहमी मागच्या सतरंजीवर बसायची आणि प्रभुभोजनाला सगळ्यात शेवटी उठायची. मी लहानपणी विचारलं, “आजी, तू पुढं का जात नाहीस?” ती म्हणाली, “गर्दी सरू दे की रं.” गर्दी वीस-पंचवीस माणसांची.

कॉलेजात आल्यावर मी तिच्याशी वाद घातला, पौल वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा शेवटी उठली. तेव्हा मला तिचा राग आला होता.

आता चर्चमध्ये पेला नाही. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कपांचं ताट बाकावरून बाकावर सरकतं. करोनानंतर तर तेच पक्कं झालं. कोणाच्या आधी कोण, हे आता कळतही नाही. त्या चांदीच्या पेल्याचं काय झालं म्हणून मागच्या नाताळात चौकशी केली. तो कपाटात आहे, काळा पडलाय.