टायचा पीळ

1994च्या जूनमध्ये अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा टाय शिवले. तालुक्याच्या आमच्या गावात नवीनच एक इंग्रजी शाळा निघाली होती. गणवेशाचे काम अब्बांच्या दुकानाला मिळाले आणि त्यात मुलांचे साठ टायही होते. अब्बांनी शेरवानीपासून सफारीपर्यंत सगळे शिवले होते, पण टाय कधी शिवला नव्हता. ‘एक लांब पट्टी तर आहे, त्यात काय अवघड?’ असे म्हणत त्यांनी कापड वाचवत, जिथे जशी बसेल तशी पट्टी कापली. काही पट्ट्या सरळ धाग्यात आल्या, काही जराशा तिरक्या.

आठ दिवसांत शाळेने सगळे टाय परत पाठवले. सरळ धाग्यातल्या टायची गाठ टिकत नव्हती आणि एकदा पडलेली घडी मोडत नव्हती. जराशा तिरक्या कापलेल्या टायला दोरीसारखा पीळ पडला होता. कॉलरखाली पट्टी जाड होऊन कॉलर मानेपासून वर उचलली जात होती. पैसे कापले गेले ते वेगळेच. त्याच आठवड्यात मोहल्ल्यातले एक बुजुर्ग दुकानात येऊन सांगून गेले, “टाय म्हणजे क्रॉसची निशाणी, ते शिवलेस म्हणून बरकत गेली.”

अब्बांनी त्यांना चहा पाजला आणि काही बोलले नाहीत. पण हे दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात राहिले. टाय आला कुठून? आणि साधी कापडाची पट्टी मानेवर नीट बसवायला इतके अवघड का जाते? पुढे वाचत गेलो तसे कळले, की हा दुसरा प्रश्न सोडवण्यात युरोप-अमेरिकेची जवळपास तीनशे वर्षे गेली आहेत.

सैनिकाचा रुमाल

टायचा उगम चर्चमध्ये नाही, फौजेत आहे. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात (1618 ते 1648) फ्रान्सच्या बाजूने क्रोएशियन घोडेस्वार लढत होते. त्यांच्या गळ्यात रुमाल बांधलेला असे. फ्रेंचांना तो आवडला. क्रोएशियन माणसाला फ्रेंचमध्ये ‘क्रोआत’ म्हणतात, त्यावरून रुमालाचे नाव ‘क्राव्हात’ पडले. चौदाव्या लुईच्या काळात तो दरबारी पोशाखाचा भाग झाला. आजही तुर्कीत टायला ‘क्रावात’ आणि फारसीत ‘करावात’ म्हणतात. म्हणजे ज्याला आमचे बुजुर्ग क्रॉस समजत होते, तो मुळात एका सैनिकाचा रुमाल होता. त्याच्या नावात एका कौमची ओळख आहे, मजहबची नाही.

दरबारात आल्यावर या रुमालाला लेस लागली, लांबी वाढली, आणि पहिली अडचण उभी राहिली. त्याची टोके सुटी लोंबत आणि हालचालीत आडवी येत. 1692मध्ये आजच्या बेल्जियममधल्या स्टीनकर्क गावाजवळ फ्रेंच फौज अचानक लढाईत ओढली गेली. सांगतात, की अधिकाऱ्यांना क्राव्हात नीट बांधायला वेळच मिळाला नाही. त्यांनी टोकांना पीळ देऊन ती कोटाच्या काजातून ओवली आणि घोड्यावर बसले. लढाई जिंकल्यावर घाईतली ही सोय फॅशन झाली आणि तिला ‘स्टीनकर्क’ हेच नाव पडले. टायचे टोक जागेवर धरून ठेवण्याचा हा जुना उपाय आजच्या टायपिनचा आजोबाच म्हणायला हवा.

खळ, चामडे आणि बकल

शंभर वर्षांनंतर लंडनच्या ब्यू ब्रमेलने (1778-1840) दुसरा मार्ग धरला. त्याने मलमलीच्या गळपट्टीला खळ दिली. खळीचे कापड घसरत नाही, घातलेली घडी धरून ठेवते. पण एकदा चुकलेली घडी सुधारताही येत नाही. त्याच्या नोकराबद्दलची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हातात चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग घेऊन तो जिना उतरत होता. कुणी विचारले तेव्हा म्हणाला, हे आजचे फसलेले प्रयत्न. एका चांगल्या गाठीसाठी धोब्याने आणि नोकराने किती राबायचे, याचा हिशेब त्या ढिगात होता.

फौजेला इतका वेळ नव्हता. तिथे गळ्याभोवती ताठ पट्टा आला, मागे बकल लावून घट्ट करायचा. काही फौजांनी तो चामड्याचाच केला. अमेरिकी मरीन सैनिकांच्या गळ्यात 1798पासून 1872पर्यंत असा चामडी पट्टा होता. त्यावरून त्यांना ‘लेदरनेक’ हे टोपणनाव मिळाले, ते आजही चालते. हा पट्टा सुटत नसे, घसरत नसे, मानही ताठ ठेवी. पण माणसाला मान खाली घालता येत नव्हती. पक्के बांधणे आणि नीट बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सैनिकांच्या मानेला चांगलेच कळले असणार.

कॉलर वेगळी झाली

टायचा इतिहास कॉलरशिवाय पुरा होत नाही. न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे शहर आहे. तिथल्या हॅना मॉन्टेग्यू या बाईने 1827मध्ये नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, असे सांगितले जाते. मळायची ती कॉलर, मग दर वेळी सगळा शर्ट का धुवायचा? या साध्या विचारातून सुट्या कॉलरचा मोठा धंदा उभा राहिला आणि ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले. या कॉलर धुण्याचे, खळ देण्याचे आणि इस्त्री करण्याचे काम बायका करत, उकळत्या पाण्यापाशी आणि तापलेल्या इस्त्र्यांजवळ तासन्‌तास उभे राहून. 1864मध्ये केट मुलानी या आयरिश कामगार तरुणीने त्यांची युनियन बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. साहेबाच्या पांढऱ्याशुभ्र कॉलरमागे भाजलेले हात होते, एवढे लक्षात ठेवू या.

सुटी कॉलर शर्टाला पुढे-मागे छोट्या गुंडीने अडकवत. खळीने ती पुठ्ठ्यासारखी कडक असे आणि दुमडलेल्या भागात फट अगदी अरुंद. त्या फटीतून टाय सरकवून गाठ मारायची म्हणजे कसरत होती. म्हणून एकोणिसाव्या शतकात तयार गाठीचे टाय निघाले. गाठ आधीच शिवलेली, मागे पट्टी, हूक किंवा बकल. समोरच्या गुंडीला अडकवले की काम झाले. सोय मोठी, पण प्रतिष्ठित मंडळी त्याला नाके मुरडत. 1888मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. तयार टाय घालणे बरे मानले जात नाही, म्हणून ते स्वतः टाय बांधायला शिकले आणि रोज आरशासमोर दहा मिनिटे घालवत, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. बांधता येणे ही वर्गाची परीक्षा झाली होती.

तोवर ‘फोर-इन-हँड’ ही लांब टायची साधी गाठ रुळली होती. आज जगात बहुतेक जण हीच मारतात. ती सरकते, म्हणून कॉलरच्या गुंडीपर्यंत वर चढवता येते आणि घरी आल्यावर एका हिसक्यात खाली ओढता येते. पुढे मऊ, शर्टालाच शिवलेली कॉलर आली आणि मान मोकळी झाली. अडचण आता कापडाची उरली. सरळ कापलेला टाय ताणला जात नव्हता, गाठीच्या जागी चुरगळे आणि लवकर बेढब होई. अब्बांच्या साठ टायचे दुखणे तेच होते.

उरेब

1920च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने यावर तोड काढली आणि पेटंट घेतले. त्याने कापड उभ्या-आडव्या धाग्यांशी 45 अंशांचा कोन करून कापले आणि टाय तीन तुकडे जोडून बनवला. सुती असो की रेशमी, विणलेले कापड धाग्याच्या दिशेने ओढले तर ताणत नाही. कोनातून ओढले तर ताणते आणि सोडले की परत येते. अशा टायला गाठ मारताना कापड गाठीत दबते, तिला पकडून ठेवते. सोडल्यावर घडी निघून जाते. मानेजवळचा तुकडा कॉलरखाली वळून सपाट बसतो. कोन नेमका असेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा पडतो, म्हणून टाय पिळत नाही. कोन जरा चुकला की पीळ आलाच.

याला जोड मिळाली आतल्या शिवणीची. चांगला टाय उलटा करून पाहा. मागची शिवण एकाच लांब धाग्याने, सैल टाके घालून केलेली असते आणि टोकाशी धाग्याचा छोटा फास मोकळा सोडलेला असतो. लोक तो सुटलेला दोरा समजून कापतात. टाय ताणला की कापड त्या धाग्यावर सरकते आणि परत जागेवर येते. शिवण घट्ट असती तर तटकन तुटली असती.

गाठीचा आकारही आतूनच ठरतो. विंडसरचा ड्यूक त्याच्या भरदार गाठीसाठी नावाजला होता. लोकांनी त्याची नक्कल करायला दुहेरी वेढ्याची ‘विंडसर’ गाठ शोधली. प्रत्यक्षात तो साधी फोर-इन-हँडच मारत असे. त्याच्या टायचे अस्तर जाड असे, एवढेच रहस्य. रुंद पसरलेल्या कॉलरला भरदार गाठ लागते, अरुंद कॉलरला बारीक, नाहीतर कॉलरची टोके उचलली जातात. 1999मध्ये केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडून साध्या टायच्या 85 गाठी शक्य आहेत, असे दाखवले. त्यातल्या मोजक्याच वापरात आहेत.

आता आमच्या दुकानात परत येऊ. शाळेने टाय परत केल्यावर अब्बांनी एका बँकेतल्या साहेबांचा, दुरुस्तीसाठी आलेला रेशमी टाय उसवला. टेबलावर कापड पसरून धाग्याची दिशा पाहिली आणि कपाळावर हात मारला. “अरे, ये तो उरेब है!”

उरेब म्हणजे तिरपा काट. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे शिलाई शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. गळ्याची, बाहीची वळणदार पट्टी उरेबच कापतात. आणि चुडीदार पायजमा? घोट्यापाशी इतका घट्ट असूनही मांडी घालून बसता येते, चुड्या पडतात, कारण तो उरेब कापलेला असतो. आपल्या कारागिरांना कित्येक पिढ्या हे हातात होते. लँग्सडॉर्फने काही चोरले, असे मला म्हणायचे नाही. त्याने ते टायला लावले, त्याचे श्रेय त्याचेच. पण ज्या दर्जींनी पायासाठी हेच गणित सोडवले, त्यांची नावे कुठल्याही दप्तरात नाहीत. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जात राहिले, कागदावर आले नाही. अब्बांना खंत वाटली ती वेगळीच. ते म्हणाले, “रोज उरेब कापतो, आणि साहेबाची चीज म्हणून इथे अक्कल चालवलीच नाही.”

सुटणेही हवे

गाठ पक्की असावी, पण किती? पोलिसांच्या गळ्यात अनेक देशांत चिमट्याने अडकवायचा टाय असतो. झटापटीत कुणी ओढला तर तो हातात येतो, मान सुटते. चालत्या यंत्रापाशी टाय जिवावर बेततो, म्हणून तिथे तो घालू देत नाहीत. 2007मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने रुग्णांना तपासताना डॉक्टरांनी टाय घालू नये असे सांगितले. लोंबणारा, क्वचितच धुतला जाणारा टाय एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेऊ शकतो.

टायचा अर्थही असाच कुठे घट्ट बसला, कुठे सुटला. गांधींनी तो उतरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो घातला, कारण ज्यांना अंगभर नीट कपडा घालण्याचीही मनाई होती, त्यांच्यासाठी सूट-टाय ही बरोबरीची घोषणा होती. आज गावोगावच्या पुतळ्यांच्या गळ्यातला टाय तीच घोषणा करतो. इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर तो पश्चिमेच्या गुलामीची निशाणी ठरला आणि सरकारी पुढारी बंद गळ्याच्या शर्टात, टायशिवाय दिसू लागले. कापड तेच. कुणी ते मानेवरचे जोखड म्हणून काढले, कुणी ताठ मानेने घातले. म्हणून एखाद्याच्या गळ्यातल्या पट्टीवरून त्याचा ईमान मोजू नये.

अब्बांनी साठ टाय पुन्हा शिवले, नव्या कापडात, स्वतःच्या खर्चाने. उरेबमध्ये कापड जास्त गेले. गाठ आधीच बांधून शिवली आणि कॉलरखाली पट्टीऐवजी इलॅस्टिक व हूक लावला. हूक त्यांनी मुद्दाम नाजूक घेतला. शाळेच्या माणसाने विचारले, “चाचा, हा तर ओढला की निघेल?”

अब्बा म्हणाले, “पोरं खेळताना एकमेकांना ओढतात. निघायलाच पाहिजे.”