मेण, कात आणि कापडाच्या पट्ट्या

संग्रहालयात जुनी वैद्यकीय उपकरणे पाहताना आपली दृष्टी प्रथम पोलादी हत्यारांकडे वळते. परंतु पुण्यानजीकच्या एका थोर शस्त्रक्रियेची साधने घरगुतीच होती.

१७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचा मराठी बैलहाक्या कावसजी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. वर्षभरानंतर वीटभट्टीवर काम करणाऱ्या समाजातील एका जाणकाराने ते पुन्हा घडविले. मेणाच्या पातळ पत्र्याचे माप कपाळावर ठेवून तेवढी त्वचा खाली वळविली. कात लावलेल्या कापडी पट्ट्यांनी सांधा धरला. चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवल्या. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने हा वृत्तांत छापला. त्यावरून कार्प्यू यांनी १८१४ साली तेथे हीच शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे उरली. करणाऱ्याचे मात्र नोंदले गेले नाही.

शिरूर-दौंड परिसरातील बंधुभगिनींनो, आपल्या माळ्यावर एखाद्या वैद्याची जुनी पेटी असेल, तर ती मोडीत घालण्यापूर्वी 'कोणाची, कशासाठी' एवढी चिठ्ठी तिला अवश्य बांधावी. नावाविना वस्तू मुकी होते.