भायखळा : वेशीबाहेरचे उपनगर आणि मोतीशा शेठांचे जिनालय

मुंबईत भायखळ्याच्या श्री आदीश्वर भगवंतांच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकास आपण महानगराच्या ऐन मध्यभागी उभे आहोत असे वाटते. परंतु हे जिनालय उभे राहिले तेव्हा भायखळा हे शहराबाहेरचे उपनगर होते.

त्या काळची मुंबई म्हणजे समुद्रकाठचा तटबंदी किल्ला व त्यालगतची वस्ती. बेटांमधील सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीचा बांध पुरा झाला आणि भायखळ्याकडील दलदल हळूहळू आटली. १८०३ साली किल्ल्यात भीषण आग लागली. त्यानंतर रहिवासी तटाबाहेर सरकू लागले. धनिकांनी माझगाव-भायखळा परिसरात बागा व बंगले केले. घोड्यांच्या शर्यतीही येथेच होत.

चीनशी व्यापार करणारे जहाजमालक शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांनी आपल्या वाडीत हे जिनालय बांधविले. विक्रम संवत १८८५ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. शत्रुंजयास जाणे ज्यांना शक्य नसे, त्यांनी कार्तिकी पौर्णिमेस येथे यावे, अशी प्रथा रूढ झाली. यात्रा म्हणजे घरदार मागे ठेवून वेस ओलांडणे. किल्ल्यातून भायखळ्यास येताना भाविकांना तो अनुभव मिळत असे. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मोतीशांनी मुंबईत पांजरापोळही स्थापन केली. १८३६ साली त्यांचे देहावसान झाले. शत्रुंजयावरील त्यांच्या टुंकेची प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात पार पडली.

पुढे शहरच मंदिरापर्यंत चालत आले. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे आगगाडी भायखळ्यावरून धावली. १८६२ साली राणीची बाग, तर १८७२ साली वस्तुसंग्रहालय जनतेस खुले झाले. कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली, कामगारांच्या चाळी वाढल्या. १८८३ साली शर्यतीही महालक्ष्मीस गेल्या. बागा व बंगले गेले आणि उपनगर हा शब्दही भायखळ्यास उरला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. जिनालय मात्र राहिले, आणि कार्तिकी पौर्णिमेची गर्दीही राहिली.

अंबडच्या वाचकांस ही कथा परकी वाटू नये. अंबडही एके काळी नाशिकबाहेरचे शेतीचे गाव होते. औद्योगिक वसाहत आली, महानगरपालिकेची हद्द आली आणि गाव शहरात सामावले. शेते गेली, रस्ते रुंदावले, शेजारीही बदलले. अशा वेळी वस्तीची ओळख कशावर टिकते, याचे उत्तर भायखळ्याने दिले आहे. तेथील वास्तू टिकली ती केवळ दगडामुळे नव्हे. मोतीशांच्या पश्चातही पिढ्यानपिढ्या श्रावक तेथे येत राहिले, म्हणून ती टिकली. उभारणाऱ्याचे पुण्य मोठे खरेच. पण सांभाळणाऱ्यांचेही काही कमी नाही.