मीटरवरचा आकडा आणि दहा वर्षांची आलिशान गाडी

उसाचं बिल खात्यात जमा झालं की वडीगोद्रीच्या फाट्यावर गाड्यांचा विषय निघतोच. आता त्यात ऑडी ए-3, बीएमडब्ल्यू एक्स-1, मर्सिडीज ए-क्लास ही नावंही येऊ लागली आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी बावीस-पंचवीस लाखांची असलेली यांतली गाडी आज नव्या स्विफ्टच्या पैशात मिळू शकते. एजंट तीन गोष्टी सांगतो: सिंगल हँड, डॉक्टर वापरातली, रनिंग फक्त पस्तीस हजार. (विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच कशी, हे कोडं वेगळं.) सौदा पटतो तो तिसऱ्या गोष्टीवर. ‘कमी पळाली म्हणजे कमी झिजली’ हा समज इतका सर्वमान्य आहे की त्यासाठी लोक आनंदाने जास्त पैसे मोजतात. दहा वर्षांच्या छोट्या आलिशान गाडीच्या बाबतीत हा समज टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट हे भाग चालण्याने झिजतात, यात वाद नाही. जुन्या जीपला किंवा अॅम्बॅसेडरला हा हिशेब बराचसा लागू होता. पण या आलिशान गाड्यांच्या बाबतीत नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्री, याला सव्यभिचार हेतू म्हणतील: हेतू दिसतो, साध्य मात्र त्याच्यासोबत हमखास येत नाही.

गिअरबॉक्सच घ्या. पेट्रोल ए-3 मध्ये सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हे क्लच सर्वाधिक झिजतात ते मुंबई-पुण्याच्या गर्दीत, इंचाइंचाने सरकताना. महामार्गावर एका गिअरमध्ये तासभर धावणाऱ्या गाडीत ते जवळपास स्वस्थ असतात. म्हणजे शहरातले तीस हजार किलोमीटर धुळे–सोलापूर रस्त्यावरच्या लाखाहून जड पडू शकतात. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनला नोव्हेंबर 2013 मध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उष्ण-दमट हवेत आतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होण्याचा धोका होता, म्हणून त्याजागी खनिज तेल भरण्यात आलं. दोष तेलाचा आणि हवामानाचा. किलोमीटरचा त्यात संबंध नव्हता. या गिअरबॉक्सचा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट, शोरूममध्ये नवा टाकायचा तर आकडा लाखाच्या वर जातो. पस्तीस हजारांचं रनिंग तिथे कामी येत नाही.

दुसरा शत्रू वय. रबरी बुश, होसपाइप, गॅस्केट, कूलंटची प्लॅस्टिकची टाकी यांना गाडी उभी आहे की पळते आहे याचं देणंघेणं नसतं. उन्हात ती कडक होतात आणि तडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कमी पळणाऱ्या गाडीचा मालक मात्र म्हणतो, ‘दहा हजार झालेच कुठे?’ आणि इंजिन ऑइल तीन-तीन वर्षं तसंच ठेवतो. जुन्या एक्स-1 डिझेलमध्ये ही चालढकल फार महाग पडू शकते. तिच्या इंजिनची टायमिंग चेन कमजोर म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि ती गिअरबॉक्सच्या बाजूला, मागे बसवलेली आहे. चेनची किंमत राहू द्या, तिथवर पोहोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बिल मजुरीनेच फुगतं. नव्या गाड्यांतही कमी पळणं फायद्याचं नाही: 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहायला लांब, तापलेली धाव लागते. बाजारापर्यंतच्या चकरांनी तो तुंबतो.

आपल्या भागात आणखी एक युक्तिवाद चालतो: ऑडी तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात बनते, मग पार्ट स्वस्तच असणार. छत्रपती संभाजीनगरला आलिशान गाड्यांचं कौतुक जुनं आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथल्या मंडळींनी एकगठ्ठा 150 मर्सिडीज घेतल्या होत्या. पण शेंद्र्यात ए-3 बनत नव्हती, परदेशातून आलेले सुटे भाग जोडून उभी राहत होती. वडीगोद्रीहून अंतर साठ-सत्तर किलोमीटरचं असलं तरी भागाची किंमत आयातीचीच. फायदा वेगळ्या जागी आहे: ए-3 आणि त्या काळातली स्कोडा ऑक्टाव्हिया यांचे कित्येक भाग एकच आहेत. पार्टवाल्याकडे ऑडीचं नाव न काढता भागाचा नंबर सांगा. बऱ्याचदा भाव उतरतो.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांच्याही कमी रनिंगवर भरवसा नको. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरली, म्हणून त्या स्वस्तात बाहेर निघाल्या. त्यांचं आयुष्य सिग्नलवर गेलेलं असतं, आणि महाराष्ट्राचा कर भरायचा तो निराळाच.

मग पाहायचं काय? सर्व्हिसच्या पावत्या, आणि त्यांवर किलोमीटरआधी तारखा. गिअरबॉक्सचं तेल कंपनीच्या मुदतीप्रमाणे बदललं का. टायरच्या कडेवरचे चार आकडे: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. पस्तीस हजार रनिंग सांगणाऱ्या गाडीच्या पावत्यांत टायरचा चौथा संच दिसला तर मीटर फिरवल्याचा संशय घ्या. स्कॅनर लावून गाडीच्या इतर इलेक्ट्रॉनिक युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटरही ताडून पाहा. सव्वा लाख पळालेली, एका हातची, महामार्गावरची, दर वर्षीची पावती असलेली गाडी मी डोळे झाकून नव्हे, पण आधी निवडेन. किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर स्विफ्टच घ्यावी. आणि तपासायला एजंटचा मेकॅनिक नको, आपला न्या.