दीक्षित मास्तर आणि सरकणारे उत्तरायण

भूगोलाच्या तासाला आपण सांगतो की, उत्तरायण 22 डिसेंबरला सुरू होते. तीन आठवड्यांनी तोच वर्ग तिळगूळ वाटतो आणि घरून ऐकून येतो की, उत्तरायण आज लागले. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, ‘बाई, खरं कोणतं?’ नेमक्या याच प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात विद्वानांची जुंपली होती. त्यातले दोन प्रमुख पुरुष रत्नागिरी जिल्ह्याचे, आणि त्यांतले एक तर शिक्षकच.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म 1853 मध्ये दापोली तालुक्यातील मुरुडचा. (महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही हेच गाव.) पदवी नाही, वेधशाळा नाही, मराठी शाळांतून मास्तरकी आणि पुढे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकांना शिकवण्याचे काम, एवढाच त्यांचा संसार. त्यात सवड काढून त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. तो 1896 मध्ये छापून निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर लिहिलेले भारतीय कालगणनेवरचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. 1898 मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले. आमच्या मते मराठीतल्या विज्ञानाच्या इतिहासलेखनात या ग्रंथाच्या तोडीचे फार थोडे आहे.

मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर शाळेच्या पटांगणात मिळते. एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि तिची मध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड, सावली मोजावी. (घड्याळात बारा वाजता नव्हे! आपली प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशाची आणि रत्नागिरी 73.3 वर. त्यामुळे इथली मध्यान्ह डिसेंबरात 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यास त्याहून दहा मिनिटे उशिरा होते.) रत्नागिरी 17 उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला ही सावली सुमारे 85 सेंटिमीटर भरते. संक्रांतीला मोजली तर 79. म्हणजे तिळगूळ वाटायच्या आधीच सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. काठी तशीच ठेवली तर 21 मार्चच्या सुमारास सावली 31 सेंटिमीटरपर्यंत येते, 8 मेच्या आसपास पायाशी नाहीशी होते आणि 21 जूनला चक्क दक्षिणेकडे 11 सेंटिमीटर पडते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा शून्य होते खरी, पण कोकणात तेव्हा सूर्य दिसला तर!

हे सारे पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे घडते. सूर्यापासूनच्या अंतरामुळे ऋतू होतात ही समजूत तर एका वाक्यात निकालात निघते: पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी.

मग संक्रांत मागे का पडली? आसाचा कल जवळपास तेवढाच राहतो, पण त्याची दिशा भोवऱ्याच्या दांडीसारखी फिरते. एका फेरीला सुमारे 25,800 वर्षे लागतात. सूर्यचंद्र पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तीय भागाला ओढतात म्हणून असे होते, हे न्यूटनने 1687 मध्ये दाखवले. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे भरते. सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. मकर संक्रांत ताऱ्यांना बांधलेली, उत्तरायण आसाला. सुमारे 1700 वर्षांपूर्वी दोन्ही एका दिवशी येत. आज त्यांत 24 दिवसांचे अंतर आहे.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांचे म्हणणे असे की, सण ऋतूंचे आहेत, तेव्हा पंचांग ऋतूंप्रमाणेच, म्हणजे सायन, हवे. त्यांनी तसे पंचांग काढलेही. दुसऱ्या बाजूला होते रत्नागिरीत जन्मलेले आणि केरो लक्ष्मण छत्रे यांच्या हाताखाली गणित शिकलेले लोकमान्य टिळक. गणित वेधाशी जुळले पाहिजे हे त्यांना मान्य होते, पण वर्ष ताऱ्यांचे, निरयनच, ठेवावे असा त्यांचा आग्रह. आम्हांला दीक्षितांची बाजू पटते. मात्र टिळकांची अडचणही खोटी नव्हती. सायन गणनेत नक्षत्राचे नाव एक आणि आकाशात सूर्याजवळचे तारे दुसरेच, असे होते.

गंमत अशी की, ज्या सरकण्यावरून वाद होता, त्याचाच दोघांनी घड्याळासारखा उपयोग केला. वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा वेदांत आहेत असे मानून टिळकांनी ‘ओरायन’ (1893) मध्ये त्यांचा काळ इसवी सनापूर्वी 4000 पर्यंत मागे नेला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून दीक्षितांनी इसवी सनापूर्वी सुमारे 3000 हा काळ काढला. दोन्ही अनुमानांवर अभ्यासकांचे मतभेद आहेत. गणितावर नाहीत, उल्लेखांच्या अर्थावर आहेत.

1952 मध्ये भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. चैत्र सुरू होतो तो वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी. सण मात्र निरयनच राहिले.

आणि नक्षत्रेही. कोकणातला शेतकरी भाताची पेरणी मिरगाकडे बघून करतो. सूर्य मृग नक्षत्रात जातो 7-8 जूनला. पाऊसही साधारण त्याच सुमारास येतो, म्हणून हा आडाखा जमतो. तोही ताऱ्यांनाच बांधलेला आहे. 1700 वर्षांपूर्वी मिरग मेच्या मध्यास लागत असे, आणि आणखी हजार वर्षांनी तो 21-22 जूनच्या सुमारास लागेल. मिरग आणि पाऊस यांची ही सांगड त्यामुळे फार जुनी असणे कठीण दिसते. दीक्षित मास्तरांच्या गावी आज पेरणीचा दिवस ठरवणारी म्हातारी माणसे ज्या मिरगाची वाट पाहतात, तो मास्तरांच्या लहानपणच्या मिरगापेक्षा दोन-अडीच दिवसांनी उशिरा लागतो.